सायबिणीच्या पेटीतलं जर्नल

त्या फेब्रुवारीत गोवा राज्य व्हायला साडेतीन महिने बाकी होते आणि लुर्दिना ताळ्यावर यायला दहा दिवस. पण तेव्हा हे कुणाला सांगितलं असतं, तर राज्याचं एक वेळ पटलं असतं. लुर्दिनाच्या बाबतीत मुळगावच्या वरच्या वाड्यानं कधीच हात टेकले होते.

वाड्यावर ख्रिश्चनांची अकरा घरं आणि मधोमध सुमंगलाचं एक हिंदू घर. त्या अकरातल्या दुसऱ्या घरात लुर्दिना आणि तिची आई पिएदाद, अशा दोघीच राहायच्या. पिएदाद शिवणकाम करायची. नवरा गेला त्या वर्षापासून तिची मशीन सकाळी सातला सुरू व्हायची. कुणाचं कापड कुठल्या गाठोड्यात आहे हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची, आणि हातातलं एक गाठोडं संपून बांधून झाल्याशिवाय दुसऱ्याची गाठ सोडायची नाही. अशा बाईच्या पोटी लुर्दिना कुठून आली, हा प्रश्न पिएदाद स्वतःच दिवसातून चारदा विचारायची.

"लुर्दू, तुजी एक व्हाण दारांत आनी दुसरी न्हाणयेंत. पांय तरी दोनूय हांगाच आसात मगो?"

पोरगी वाईट नव्हती. हुशार होती, हसरी होती, आणि चित्रं तर अशी काढायची की बघत राहावं. पण तिची छत्री बसमध्ये राहायची, ग्रंथालयाचं पुस्तक उशीखाली, आणि केसांच्या पिना तांदळाच्या डब्यात. म्हापशाच्या कॉलेजात ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि सकाळची बस तिला कधीच बसून मिळाली नव्हती, नेहमी पळूनच मिळाली होती.

तिथं प्राणिशास्त्र शिकवायला गोकुळदास सर होते. डिचोलीचे, कडक इस्त्रीतले, घड्याळाला स्वतःची वेळ लावून देणारे गृहस्थ. प्रत्येक प्रयोग जर्नलमध्ये उजव्या पानावर लिहायचा आणि त्याची आकृती समोरच्या डाव्या कोऱ्या पानावर काढायची, अशी पद्धत. लुर्दिनानं अठराच्या अठरा प्रयोग लिहिले होते, सरांच्या लाल सह्याही त्यांवर होत्या. पण डावी पानं अठराच्या अठरा कोरी. 'आकृत्या काय, मी एका बैठकीत काढीन,' असं ती जुलैपासून म्हणत होती.

"या सोमवारचा पुढचा सोमवार. बरोबर अकरा वाजता. आकृत्यांसकट," सर म्हणाले. "अखेरची सही त्याच दिवशी. ती नसली तर प्रॅक्टिकलला बसायचं नाही, आणि प्रॅक्टिकल नाही म्हणजे वर्ष गेलं. समजलं?"

लुर्दिनाला समजलं होतं. एक वर्ष वाया गेलं तर तेच वर्ष पुन्हा शिवून काढायची ताकद आईच्या अंगात नाही, हेही तिला कुणी सांगायला नको होतं. पिएदादला आताच सुई डोळ्यांना दिसण्याऐवजी बोटांना लागायला लागली होती. वाड्यावरची पहिली पदवी आपल्या घरात यावी, एवढं एकच मागणं त्या बाईनं आयुष्यात मोठ्यानं बोलून दाखवलं होतं.

आता त्याच आठवड्यात वाड्यावर सायबीण आली. सायबीण म्हणजे मदर मेरीची मूर्ती. दर वर्षी ती घरोघर फिरते, एक दिवस एका घरी. संध्याकाळी सगळा वाडा त्या घरी जमतो, लादाइन म्हणजे गाऊन केलेली प्रार्थना होते, उकडलेले चणे वाटले जातात, आणि दुसऱ्या संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन मिरवत तिला पुढच्या घरी पोचवतात. तिच्याबरोबर एक लाकडी पेटी फिरते. त्यात गाण्यांची पुस्तकं, मेणबत्त्या, आल्तारावर, म्हणजे मूर्ती ठेवतात त्या टेबलावर, घालायची पांढरी लेस. एरवी ती डिसेंबरात यायची, पण त्या डिसेंबरात भाषेच्या आंदोलनानं रस्तेच बंद होते. मग माणसांचीच ये-जा थांबली तिथं सायबीण तरी कुठून येणार? ती आली फेब्रुवारीत.

गुरुवारी ती पिएदादच्या घरी आली. पिएदादनं आठवडाभर आधी घर सारवून, पुसून, पडदे धुऊन ठेवलं होतं, फक्त एका खोलीला तिनं हात लावला नव्हता. "ती तुजी. सायबीण येवचे पयलीं निवळ जावंक जाय," असं तिनं लेकीला बजावलं होतं. लुर्दिना बसमधून उतरली तेव्हा मिरवणूक वळणावर आली होती. तिनं जे हाताला लागेल ते पलंगाखाली, कपाटामागं, आल्ताराच्या टेबलाखाली कोंबलं. शेवटचा एक मिठीभर पसारा उरला. पायऱ्यांवर गाणं ऐकू आलं. तेवढ्यात पुढं आलेली सायबिणीची पेटी कुणीतरी दारात ठेवली. लुर्दिनानं झाकण उघडलं, तो पसारा आत टाकला, झाकण लावलं, आणि चेहऱ्यावर भक्तिभाव आणून मेणबत्ती धरली.

दुसऱ्या दिवशी सायबीण पुढं गेली, पेटीही गेली. लुर्दिनाला त्यातलं काही आठवलं नाही.

तिला जर्नल आठवलं ते पुढच्या आठवड्याच्या शनिवारी दुपारी. सोमवारपर्यंत मधे एक रविवार उरलेला. तिनं बाह्या वर केल्या, पेन्सिलीला टोक काढलं आणि जर्नल घ्यायला हात पुढं केला. जर्नल जागेवर नव्हतं. खरं सांगायचं तर त्याला जागाच नव्हती.

मग तिनं खोली उलथीपालथी केली. पलंगाखालून छत्री निघाली. कपाटामागून डाव्या कानाच्या तीन रिंगा, ख्रिसमसचं एक न उघडलेलं पाकीट आणि उन्हाळ्यात हरवलेली टॉर्च निघाली. दीड वर्षात जे जे हरवलं होतं ते सगळं सापडलं, तेवढं जर्नल सोडून. दिवेलागण झाली तेव्हा ती जमिनीवर बसली आणि रडायला लागली. नेहमीचं तात्पुरतं रडणं नव्हतं ते. वर्ष गेलं, हे तिला पहिल्यांदा खरंखुरं दिसलं.

लादाइनहून नुकतीच परतलेली पिएदाद दारात आली. समोर पसारा, पसाऱ्यात लेक.

"कितें शेणलें?"

"जर्नल."

"फणीय ना मगो तुजी?" पिएदाद म्हणाली. "सायबिणीचे पेटयेंत कोणाची तरी फणी आनी एक मोजो मेळ्ळा म्हण. सगलो वाडो हांसता. हांवें लजेन मान सकयल घाली."

लुर्दिनानं डोळे पुसले. फणी. मोजा. दारातली पेटी. ती तशीच अनवाणी धावत सुटली.

सायबीण आज अकराव्या घरी होती, वाड्याच्या पार टोकाला, क्रुसीनमायकडं. लादाइन नुकतं संपलं होतं. दारात सुमंगला उभी होती. सायबिणीला अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, रोज तीच करून आणायची, मग मूर्ती कुणाच्या का घरी असेना. आत सायबिणीच्या पायाशी, मेणबत्त्यांच्या मधोमध, झेंडूची दोन फुलं घालून ठेवलेलं होतं तिचं जर्नल. उघडं. आणि त्याच्यावर वाकून म्हातारी क्रुसीनमाय काहीतरी लिहीत होती.

झालं होतं ते असं. ख्रिसमसला नव्या पाद्रीनं कपेलात, म्हणजे वाड्यावरच्या चॅपेलात, सांगितलं होतं की यंदा सायबिणीबरोबर एक वही फिरवू, प्रत्येकानं आपल्याला कशाबद्दल आभार मानायचे ते त्यात लिहावं, शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचू. वही पाठवायला ते विसरले. पण तिसऱ्या घरी तियू माउरीस, म्हणजे लादाइन म्हणणारे वाड्याचे माउरीसकाका, गाण्याचं पुस्तक काढायला गेले आणि पेटीत त्यांना वही दिसली. उजवीकडं इंग्रजी लिहिलेलं, लाल सह्या असलेलं, डावीकडं सगळं कोरं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. ते पाद्रीचं, कोरं ते आपलं, असा त्यांनी हिशेब केला. ज्यांना इंग्रजी येत होतं त्यांनी 'झुरळाची पचनसंस्था' वाचली आणि पाद्री किती साधा माणूस, जुनी वही टाकून देत नाही, असं म्हणून लिहायला घेतलं. नऊ संध्याकाळी हे चाललं होतं. लुर्दिना रोज शेवटच्या आमेनला पोचायची आणि चणे घेऊन मागच्या दारानं निघायची, म्हणून तिनं ते बघितलं नव्हतं.

आणि क्रुसीनमाय आता लिहीत होती ते अठरावं, शेवटचं कोरं पान होतं.

लुर्दिनानं तोंड उघडलं. मग म्हातारीचा हात बघितला. एकेक अक्षर कोरत ती रोमी लिपीत लिहीत होती की डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता सुईत दोरा मी माझा ओवते, सायबिणी, देव बरें करूं, म्हणजे तुझे आभार. लुर्दिनानं तोंड मिटलं आणि म्हातारीचं लिहून होईपर्यंत ती थांबली. एवढा धीर तिनं आयुष्यात पहिल्यांदाच धरला असावा.

मग तिनं तियू माउरीसना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी वही उलटीपालटी करून बघितली.

"तुजें? मागीर तुजें नांव खंय आसा ताचेर?"

नाव नव्हतं. तपकिरी कागदाचं वेष्टण होतं, नावाची चिठ्ठी चिकटवायची राहिली होती, जुलैपासून.

"व्हर," तियू अखेर वही तिच्या हातात देत म्हणाले. "पूण फाल्यां चार वरांचेर कपेलांत वाचपाचें आसा. ही आतां सायबिणीची वही. एक पान लेगीत फाडूं नाका."

लुर्दिना जर्नल छातीशी धरून घरी आली. उद्या चारला कपेलात वाचन, पानं तर फाडायची नव्हती आणि पानांवर जागा नव्हती. आई आता घर डोक्यावर घेणार, म्हणून ती खाली मान घालून उभी राहिली. पिएदाद ओरडली नाही. तिनं कापायचं मोठं टेबल मोकळं केलं, त्यावरची गाठोडी एकेक करून कपाटात ठेवली आणि विचारलं, "कितलीं चित्रां?"

"अठरा."

"केन्ना मेरेन?"

"फाल्यां तीन."

पिएदादनं ड्रॉइंगचे कागद वहीच्या मापानं कापले. शिवणाच्या खडूनं प्रत्येकाच्या कोपऱ्यात आकडा घातला आणि कपड्यांच्या चिमट्यांनी ते दोरीवर ओळीनं लावले. मग पहिला काढून टेबलावर ठेवला.

"हो एक. हो सोंपल्या बगर दुसरो तुका दिसचो ना."

लुर्दिना हसली, पण खुर्चीवर बसली. समोर एकच कागद, एकच पेन्सिल, एकच बेडूक. इकडं तिकडं बघायला काही नव्हतंच. बेडूक झाला, दोरीवरून झुरळ खाली आलं. मग गांडूळ. तीन झाल्यावर पिएदादनं पेन्सिल काढून घेतली. "जेव आनी न्हिद." सकाळी चर्चमध्ये सहाच्या मिसेला जाऊन आल्यावर चौथं. बाराला अकरावं, अडीचला सतरावं. लुर्दिनाला नवल वाटत होतं, आपण इतकं करू शकतो हे आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही. सांगितलं होतं. रोज चारदा सांगितलं होतं.

एकेक चित्र पूर्ण होईल तसं पिएदाद चष्मा लावून ते वहीत शिवत होती. मशीनखाली वही बसेना, म्हणून हातानं. डाव्या पानाच्या वरच्या कडेला टाके घालून कागद पडद्यासारखा सोडायचा. पडदा खाली असला की आकृती दिसे, वर उचलला की आभार. पहिला पडदा शिवून झाला. दुसऱ्या पानाशी पिएदाद थांबली. तिनं चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला, आणि बराच वेळ खाली मान घालून शिवत राहिली. लुर्दिनाचं तेव्हा सगळं लक्ष गांडुळात होतं.

तीनला अठराव्या पडद्याचा शेवटचा टाका पडला. शेवटी पिएदादनं दोरा ओवलेली एक सुई वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला टोचून ठेवली, वाटेत कुठं उसवलं तर असावी म्हणून.

कपेलात पाद्रीनं वही बघितली आणि कपाळाला हात लावला. "पण मी वही पाठवलीच नव्हती!" सगळा वाडा हसला. पडदे तिचे म्हणून वाचायचं काम लुर्दिनावर आलं. ती एकेक पडदा उचलत वाचत गेली. कुणाचा मुलगा तारवावरून सुखरूप आला होता. कुणाची गाय व्याली होती. एकानं लिहिलं होतं की डिसेंबरच्या बंदात रस्त्यात अडकलो, आणि भाषेवरून ज्याच्याशी भांडलो त्याच्याच घरी दोन दिवस जेवलो, त्याच्या बायकोला सुख दे. काही पानं रोमी लिपीतली, काही देवनागरीतली, कोकणी आणि मराठी शेजारी शेजारी, आणि त्या वर्षी बाहेर ज्या गोष्टीवरून डोकी फुटली होती तिच्यावरून वहीत कुणाचं काही अडलं नव्हतं. रोज चणे घेऊन पळताना ही माणसं आपण कधी बघितलीच नाहीत, असं तिला वाटलं.

फक्त दुसरं पान उघडेना. झुरळाचा कागद चारी बाजूंनी शिवलेला होता. तिनं आईकडं बघितलं. पिएदाद मान खाली घालून रोझरीचे मणी ओढत होती. दारातून सुमंगला मात्र हसली आणि लगेच अबोलीची टोपली सारखी करायला लागली.

"सुई चलत गेली," घरी पिएदाद एवढंच म्हणाली.

सोमवारची बस लुर्दिनाला बसून मिळाली. अकराला पाच मिनिटं असताना ती स्टाफरूमच्या दारात उभी होती, आणि गोकुळदास सरांनी घड्याळ कानाला लावून चालू आहे ना ते बघितलं.

त्यांनी पहिला पडदा बघितला, उचलला, खालचं वाचलं, सोडला. "हे काय आहे?"

तिनं सांगितलं. काहीही न गाळता, फणी आणि मोज्यासकट. सर ऐकत राहिले.

"जर्नल म्हणजे पोस्टाची पेटी नव्हे," ते म्हणाले आणि पानं उलटायला लागले. आकृत्या मात्र निरखून बघत होते. "चित्रं चांगली आहेत. फारच चांगली आहेत." मग त्यांचा हात थांबला. "ही चारी बाजूंनी का बंद? खाली काय लपवलंय? दुसऱ्याची आकृती तर नाही?"

"म्हाका खबर ना, सर. आईनं शिवलं."

"न बघता मी सही करत नाही."

त्यांनी टेबलावरचं चिरफाडीचं लहान पातं घेतलं आणि सगळी इस्त्री बाजूला ठेवून, तीन बाजूंचा एकेक टाका इतक्या हळूच कापला की कागदाला ओरखडासुद्धा आला नाही. पडदा उचलून ते वाचायला लागले. मग वही त्यांनी तिच्याकडं फिरवली.

"वाच."

देवनागरीत, ठसठशीत मराठी अक्षरात लिहिलं होतं:

'पिएदादबाय चष्मा घरी विसरली म्हणून ती सांगते आणि मी सुमंगला लिहिते. सायबिणी, माझा घोव गेला त्यानंतर लुर्दू तीन वर्षं सिस्टरांच्या बोर्डिंगात होती. त्या तीन वर्षांत माझं घर फार नीट होतं. सकाळी ठेवलेली वस्तू संध्याकाळी ठेवलेल्या जागीच असायची, कारण हलवायला कोणी नव्हतं. मी ते बघून रडायचे. आता तांदळात पिना सापडतात. मी दिवसभर ओरडते, पण पिन सापडली की मला कळतं की घरात माझं माणूस आहे. त्याबद्दल तुझे आभार. तिला शिस्त दे, तिचं शिक्षण होऊ दे. पण सगळी एकदम देऊ नको.'

लुर्दिनानं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचता येईना, अक्षरंच दिसेनात. तिला आईच्या सगळ्या ओरडण्याबद्दल, व्हाणांबद्दल, चिमट्यांनी लावलेल्या अठरा कागदांबद्दल इतकी माया दाटून आली की ती सरांसमोर तशीच ओढणीनं नाक पुसत उभी राहिली.

गोकुळदास सरांनी लाल पेन उघडलं आणि प्रमाणपत्राच्या पानावर सही केली. तारीख घातली. मग त्यांनी वहीचा पुठ्ठा बघितला.

"नाव नाही यावर."

तिनं तिथंच, त्यांच्याच पेननं, मोठ्या अक्षरात नाव घातलं.

म्हापशाच्या बसस्टँडवर मुळगाववरून जाणारी डिचोलीची बस लागली होती. लुर्दिनानं ती जाऊ दिली. बाकावर बसून तिनं मागच्या पुठ्ठ्यातली सुई काढली, दुसरं पान मांडीवर घेतलं, आणि जिला कधी सरळ टीप घालता आली नव्हती तिनं आईच्याच टाक्यांच्या भोकांतून, एकेक करून, तीन बाजू पुन्हा शिवल्या. एकही भोक तिनं चुकवलं नाही. मधे अजून एक बस गेली.

घरी पिएदादनं मशीन थांबवली. आधी सही बघितली. तिनं ती दोन्ही डोळ्यांना लावली आणि सायबिणीचं नाव घेतलं. मग पानं चाळता चाळता ती दुसऱ्या पानाशी आली. तिचा अंगठा टाक्यांवरून हळूहळू फिरला, एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं, तिसऱ्या. शिवणाऱ्या बाईला आपला टाका आणि दुसऱ्याचा टाका डोळे मिटून कळतो. लुर्दिना दोन्ही वहाणा दाराशी जोडीनं काढत होती, आणि तिनं वर बघितलं नाही.

पिएदादनं वही मिटली.

"टांको बरो पडला," ती म्हणाली, आणि लेकीला चहा टाकायला आत गेली.